लोह ऑक्साइडाचे चुंबकीय सूक्ष्मकण आणि ऊर्जासंचय : निर्मितीपद्धतींची एक चिकित्सा

१

लोहाचा विद्युत्संचयाशी असलेला संबंध नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमध्ये युंगनर आणि अमेरिकेत एडिसन यांनी लोह व निकेल यांचा अल्कधर्मी संचायक सिद्ध केला, आणि तेव्हापासून लोहाचे इलेक्ट्रोड हा विद्युत्-रसायनाच्या अभ्यासाचा एक परिचित विषय होऊन बसला. गेल्या पाव शतकात या जुन्या विषयास एक नवी शाखा फुटली आहे. लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडाचे, विशेषतः मॅग्नेटाइटाचे, काही नॅनोमीटर व्यासाचे कण तयार करावयाचे आणि त्यांचा उपयोग लिथियम घटाच्या ऋणाग्रासाठी किंवा अतिधारित्रासाठी, म्हणजे प्रयोगशाळेत ज्यास सर्रास सुपरकपॅसिटर म्हटले जाते त्यासाठी, करावयाचा, असे या शाखेचे स्वरूप आहे. लोह स्वस्त आहे, विपुल आहे आणि कोबाल्ट किंवा निकेल यांच्या मानाने निरुपद्रवी आहे. या प्रयत्नांमागील हेतू सर्वथा योग्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

हेतू योग्य असला म्हणजे विचारपद्धतीही निर्दोष असतेच असे मात्र नव्हे. या विषयावरील संशोधन-निबंधांची रचना आता ठरून गेली आहे. प्रथम कण कसे तयार केले त्याची कृती. मग क्ष-किरण विवर्तनाचा आलेख. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे. मग चुंबकनाचा वक्र. आणि अखेरीस विद्युत्-रासायनिक मापने व प्रतिग्रॅम धारकतेचा आकडा. ही पाच अंगे एकापुढे एक येतात. परंतु चौथ्या अंगाचा पाचव्याशी संबंध काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. चुंबकन मोजले जाते, नोंदले जाते आणि पुढील परिच्छेदात त्याचा मागमूसही राहत नाही. ‘चुंबकीय’ हे विशेषण शीर्षकात असते. युक्तिवादात त्याला काही काम नसते.

हा प्रश्न शब्दांपुरता मर्यादित असता तर त्याची चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. परंतु कणांची जी निर्मितीपद्धत निवडली जाते, ती बहुधा चुंबकीय उपयोगांसाठी सिद्ध झालेली असते. आणि प्रत्येक पद्धत आपले आदर्श व आपल्या कसोट्या बरोबर घेऊन येते. विद्युत्संचयाच्या कामी ते आदर्श कितपत उपयोगी पडतात, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

२

मॅग्नेटाइटाचे सूक्ष्मकण ज्या प्रमुख पद्धतींनी तयार होतात, त्यांचा इतिहास पाहिला असता त्यांचे मूळ प्रयोजन स्पष्ट होते. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या नासा या संस्थेत स्टीफन पॅपेल यांनी मॅग्नेटाइटाचे चूर्ण ऑलिक आम्लाच्या साहाय्याने केरोसिनसारख्या द्रवात दळून चुंबकीय द्रव सिद्ध केला. वजनरहित अवस्थेत इंधन चुंबकाच्या योगाने हलविता यावे, ही त्यामागील कल्पना होती. कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारे ऑलिक आम्लाचे आवरण या विषयात येथून रूढ झाले.

१९८१ मध्ये फ्रान्समधील रेने मासार यांनी फेरस व फेरिक लवणांचे एकास दोन या प्रमाणातील मिश्रण अल्काच्या द्रावणात ओतून कणांचे अवक्षेपण केले आणि कोणत्याही तैलाम्लावाचून, केवळ पृष्ठभागावरील विद्युत्भाराच्या बळावर, ते कण पाण्यात तरंगत ठेवले. सहअवक्षेपणाची ही पद्धत साधी व स्वस्त आहे. तिचा दोष असा की, कण लहानमोठे निघतात. हा दोष दूर करण्याचा मार्ग लामेर व डिनेगर यांनी १९५० मध्ये गंधकाच्या कणांवरील अभ्यासातून दाखविला होता. कणबीजे एकदम, अल्प काळात उत्पन्न व्हावीत आणि त्यानंतर केवळ त्यांची वाढ व्हावी, म्हणजे सर्व कण समान आकाराचे निघतात, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. २००२ मध्ये सन व झेंग यांनी लोहाचे एक सेंद्रिय संयुग उच्च तापमानाच्या द्रावकात ऑलिक आम्ल व ऑलिलअमाइन यांच्या सान्निध्यात विघटित करून २० नॅनोमीटरपर्यंतच्या व्यासाचे अत्यंत एकसारखे कण मिळविले. २००४ मध्ये कोरियातील ह्योन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोह-ओलिएटाच्या विघटनाने असे कण एकाच प्रक्रियेत ४० ग्रॅम इतके तयार करून दाखविले.

निर्मितीच्या दृष्टीने ही प्रगती निःसंशय मोठी आहे. परंतु तिचा आदर्श कोणता? प्रत्येक कण दुसऱ्यासारखा असावा, प्रत्येक कण दुसऱ्यापासून अलग असावा आणि त्याच्यावर सेंद्रिय आवरण असावे. माहितीचे चुंबकीय मुद्रण, औषधाचे वहन किंवा शरीराचे चुंबकीय प्रतिमाचित्रण यांसाठी हा आदर्श यथार्थ आहे. इलेक्ट्रोडाची अपेक्षा मात्र जवळजवळ उलट असते. तेथे कण एकमेकांस चिकटलेले असावे लागतात, कारण इलेक्ट्रॉनांना एका कणातून दुसऱ्यात जावयाचे असते. तेथे पृष्ठभाग उघडा असावा लागतो, कारण विद्युत्-विच्छेद्य द्रवातील आयनांना तेथवर पोचावयाचे असते. ऑलिक आम्लाची अठरा कार्बनांची साखळी या दोन्ही गोष्टींच्या आड येते. चुंबकीय द्रवात जो गुण, तो इलेक्ट्रोडात अवगुण ठरतो.

याला एक उत्तर देता येते, आणि ते विचारात न घेणे अन्यायाचे होईल. निष्क्रिय वायूत तापविले असता हे सेंद्रिय आवरण कार्बनात रूपांतरित होऊन वाहक बनते, असे अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे. हे खरे आहे. पण मग श्रेय कार्बनाच्या थरास दिले पाहिजे आणि तो किती जाड, किती वजनाचा व कितपत वाहक आहे हे मोजले पाहिजे. शिवाय तेवढ्या तापमानास कण एकमेकांत वितळून मोठे होण्याचा धोका असतो, व ज्या समान आकारासाठी एवढा खटाटोप केला तोच संशयास्पद होतो. मासार यांचे ओबडधोबड पण अनावृत कण या कामी अधिक सोयीचे ठरण्याचा संभव आहे. मात्र एकाच घटरचनेत दोन्ही प्रकारचे कण शेजारी ठेवून तुलना करणारा अभ्यास, कणनिर्मितीच्या वर्णनांनी भरलेल्या या वाङ्मयात विरळाच आढळतो.

३

दुसरा प्रश्न नावाचा आहे. तयार झालेला पदार्थ मॅग्नेटाइट आहे, हे कशावरून ठरते? बहुतेक निबंधांत ते क्ष-किरण विवर्तनावरून ठरविलेले असते. परंतु मॅग्नेटाइट आणि त्याचे ऑक्सिडीभवन होऊन बनणारे मॅग्हेमाइट या दोहोंची स्फटिकरचना एकाच, स्पिनेल जातीची आहे. त्यांच्या एकक कोशिकेची बाजू अनुक्रमे सुमारे ८.४० व ८.३५ अँगस्ट्रॉम भरते. तांब्याच्या क्ष-किरणांनी पाहिले असता या फरकामुळे सर्वात ठळक रेषा सुमारे ०.२ अंशाने सरकते; उलट कण १० नॅनोमीटरचा असला तर शेररच्या सूत्राप्रमाणे त्याच रेषेची रुंदी सुमारे ०.८ अंश होते. रुंदीच्या चतुर्थांशाइतक्या विचलनावरून, आणि तेही दोन्ही पदार्थ एकत्र असण्याचा संभव असताना, निश्चित निर्णय देणे धाडसाचे आहे.

मॅग्नेटाइट हवेत स्थिर राहत नाही. त्याचा पृष्ठभाग हळूहळू मॅग्हेमाइट बनतो. मोठ्या स्फटिकात हा थर उपेक्षणीय असतो, सूक्ष्मकणात तसे नसते. १० नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणाचा केवळ १ नॅनोमीटर जाडीचा बाह्य थर बदलला, तर कणाचे जवळजवळ ४९ टक्के आकारमान बदलले असा हिशेब होतो. वर उल्लेखिलेल्या २००४ च्या निबंधात कर्त्यांनी स्वतःच असे नोंदविले आहे की, त्यांच्या लहान कणांत मॅग्हेमाइटाचे प्रमाण अधिक असून कणाचा आकार वाढेल तसतसे मॅग्नेटाइटाचे प्रमाण वाढते. हा प्रांजळपणा अनुकरणीय आहे. त्यांच्या कृतीचे अनुकरण करणाऱ्यांनी तोही उचलावयास हवा होता.

चुंबकनाच्या आकड्यावरूनही हा वाद मिटत नाही. मोठ्या स्फटिकाच्या अवस्थेत मॅग्नेटाइटाचे संपृक्त चुंबकन प्रतिग्रॅम सुमारे ९२ ईएमयू व मॅग्हेमाइटाचे सुमारे ७५ ईएमयू असते. सूक्ष्मकणांत पृष्ठभागावरील विस्कळीतपणामुळे हे आकडे खाली येतात, आणि वजनात सेंद्रिय आवरणाचा वाटा धरला गेल्यास आणखी खाली येतात. ६० ईएमयूचा आकडा दोन्ही पदार्थांशी सुसंगत ठरू शकतो.

विद्युत्संचयाच्या दृष्टीने हा भेद गौण नाही. मॅग्नेटाइटात अष्टफलकीय स्थानांवर फेरस व फेरिक लोह शेजारी शेजारी असते व इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे उडी घेतो. त्यामुळे खोलीच्या तापमानास तो ऑक्साइडांत अपवादात्मक असा चांगला वाहक आहे. सुमारे १२० केल्व्हिनखाली ही वाहकता एकाएकी घटते, आणि त्या संक्रमणाची मीमांसा फेरवाय यांनी १९३९ मध्ये केली. मॅग्हेमाइटात फेरस लोह नसल्याने ही वाट बंद असते. कण वाहक असल्यामुळे इलेक्ट्रोड चांगले चालते, असे विधान करणाऱ्याने आपला कण खरोखर मॅग्नेटाइट आहे, हे आधी सिद्ध केले पाहिजे.

त्यासाठी मॉसबॉअर वर्णपटमापन हे उत्तम साधन आहे. ते सर्वत्र उपलब्ध नसते, हेही खरे. परंतु पदवी परीक्षेच्या विद्यार्थ्यासही परिचित असलेली डायक्रोमेटाची अनुमापन-पद्धती तर प्रत्येक रसायनशाळेत आहे. नमुना निष्क्रिय वायूत हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून फेरस लोह आणि एकूण लोह मोजले, तर मॅग्नेटाइटात त्यांचे प्रमाण एकास तीन भरते. मॅग्हेमाइटात फेरस लोह शून्य असते. ब्युरेटीने होणारे हे काम क्वचितच केले जाते. मौल्यवान उपकरणाचा आलेख जोडण्याकडे असलेला कल हेच याचे कारण असावे.

४

लिथियम घटाच्या संदर्भात या विषयाचा आरंभ थॅकरे, डेव्हिड व गुडइनफ यांच्या १९८२ च्या अभ्यासापर्यंत मागे नेता येतो. लिथियम मॅग्नेटाइटाच्या स्फटिकात शिरल्यावर रचनेत काय बदल होतात, याचे ते परीक्षण होते. नव्या लाटेचे खरे प्रवर्तन मात्र फ्रान्समधील प्वाझो, तारास्कों व सहकाऱ्यांच्या २००० सालच्या निबंधाने केले. संक्रमणी धातूंची ऑक्साइडे लिथियमाबरोबर पूर्णतः क्षपण पावून धातू व लिथियम ऑक्साइड बनतात आणि ही क्रिया उलट फिरविता येते, असे त्यांनी दाखविले. या मार्गाने मॅग्नेटाइटाच्या एका सूत्रास आठ इलेक्ट्रॉन मिळतात. म्हणजे प्रतिग्रॅम सुमारे ९२६ मिलिअँपिअर-तास. ग्रॅफाइटाची सैद्धांतिक मर्यादा ३७२ आहे, हे लक्षात घेता या आकड्याचे आकर्षण समजू शकते.

परंतु याच क्रियेत कणनिर्मितीच्या संपूर्ण खटाटोपास आव्हान दडलेले आहे. पहिल्याच पूर्ण क्षपणात मॅग्नेटाइटाचा स्फटिक नाहीसा होतो. त्याच्या जागी काही नॅनोमीटरचे लोहकण लिथियम ऑक्साइडात रुतलेले राहतात. घनतांवरून हिशेब केला तर एकूण आकारमान सुमारे ८० टक्क्यांनी वाढते. पुढे भरण करताना जो ऑक्साइड परत मिळतो, त्यास मूळच्या कणाचा आकार, घाट किंवा स्फटिकता असण्याचे कारण उरत नाही. घनाकृती, अष्टफलकाकृती, पोकळ किंवा फुलासारखे कण तयार करून त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध करणाऱ्या निबंधांनी हा प्रश्न टाळता कामा नये : शंभराव्या आवर्तनानंतर त्या फुलाचे काय झाले? पहिल्या आवर्तनापूर्वीचे छायाचित्र शंभराव्या आवर्तनाच्या आकड्याचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. शिवाय लिथियम घेताना व सोडताना या द्रव्याच्या विभवात मोठे अंतर पडते. ते पाऊण ते एक व्होल्टाच्या घरात असते, आणि तेवढी ऊर्जा प्रत्येक फेरीत वाया जाते. मिलिअँपिअर-तासांचा आकडा या हानीविषयी मौन पाळतो.

निर्मिती आणि उपयोग यांचा मेळ कसा बसतो, याचे उत्तम उदाहरण तुलूझ व अमियां येथील ताबेर्ना, सिमों, तारास्कों व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दिले. त्यांनी कण वेगळे तयार करून मग इलेक्ट्रोडावर लेपले नाहीत. तांब्याच्या सूक्ष्म दंडांचे जणू एक रान उभे करून त्या दंडांवरच मॅग्नेटाइटाचा पातळ थर विद्युत्-निक्षेपणाने बसविला. इलेक्ट्रॉनाला तांब्यापर्यंत जाण्यास अत्यल्प अंतर उरले व घट जलद चालू शकला. येथे चुंबकत्वाचा आव नाही. पद्धतीची निवड इलेक्ट्रोडाच्या गरजेतून झालेली आहे, व म्हणूनच परिणामाचे कारण सांगता येते.

५

अतिधारित्राच्या क्षेत्रात आकड्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. १० नॅनोमीटर व्यासाच्या मॅग्नेटाइट कणांचे पृष्ठफळ घनतेवरून प्रतिग्रॅम सुमारे ११५ चौरस मीटर येते. पृष्ठभागावरील द्विस्तराची धारकता प्रति चौरस सेंटिमीटर २० मायक्रोफॅरड धरली, तर प्रतिग्रॅम फक्त २३ फॅरड मिळतात. याहून अधिक जे काही मिळते, ते लोहाची संयुजा बदलण्यातून मिळाले पाहिजे. मॅग्नेटाइटाच्या एका ग्रॅम-रेणुभारात, म्हणजे २३१.५ ग्रॅममध्ये, प्रत्येक सूत्रास एक इलेक्ट्रॉन मिळाला, तर प्रतिग्रॅम ४१७ कूलंब होतात. समजा, एखाद्या निबंधात ०.८ व्होल्टाच्या पल्ल्यात प्रतिग्रॅम ६०० फॅरड धारकतेचा दावा केला आहे. याचा अर्थ ४८० कूलंब. कणाच्या बाहेरील अर्ध्या नॅनोमीटर थरात सुमारे २७ टक्के लोह असते. त्यातील प्रत्येक अणूने एक इलेक्ट्रॉन दिला तरी ३४० कूलंबांपलीकडे जाता येत नाही. तेव्हा एक तर कणाचा अंतर्भाग क्रियेत भाग घेतो, आणि मग हे धारित्र नसून संथ गतीचा विद्युत् घटच आहे. किंवा इलेक्ट्रोडातील कार्बन अथवा निकेलाची जाळी यांचा वाटा लोहाच्या खात्यावर जमा झाला आहे. तिसरी शक्यता वजनाच्या चुकीची. यांपैकी खरे काय, हे निबंधाने सांगितले पाहिजे.

या बाबतीत इशारे मिळालेले नाहीत असे नाही. गोगोत्सी व सिमों यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, प्रति चौरस सेंटिमीटर अत्यल्प द्रव्य असलेल्या इलेक्ट्रोडावरील प्रतिग्रॅम आकडे व्यवहारातील घटास लागू करता येत नाहीत; बाजारातील घटात हे प्रमाण सुमारे १० मिलिग्रॅम असते. ब्रूस, बेलांझे व लाँग यांनी २०१५ मध्ये बजावले की, ज्या द्रव्याच्या आलेखात घटासारखी स्पष्ट शिखरे दिसतात, त्याचा संचय फॅरडमध्ये सांगणे मुळातच गैर आहे. तेथे कूलंब किंवा अँपिअर-तास हेच योग्य माप होय. हे इशारे संदर्भसूचीत सन्मानाने उद्धृत होतात आणि पुढच्याच कोष्टकात त्यांचे उल्लंघन होते.

६

मग लोह ऑक्साइडाच्या चुंबकत्वाचा ऊर्जासंचयाशी काहीच संबंध नाही, असा निष्कर्ष काढावयाचा काय? तसा तो काढणे घाईचे होईल. किंग्दाओ विद्यापीठातील संशोधक व त्यांचे सहकारी यांचा २०२१ चा अभ्यास या दृष्टीने मननीय आहे. संक्रमणी धातूंच्या ऑक्साइडांत सैद्धांतिक मर्यादेहून अधिक संचय दिसून येतो, हे कोडे बरेच दिवस पडलेले होते, आणि त्याचे श्रेय बहुधा पृष्ठभागावरील विद्युत्-विच्छेद्याच्या विघटनाने बनणाऱ्या पटलास दिले जाई. या संशोधकांनी मॅग्नेटाइटाचा घट चालू असतानाच त्याचे चुंबकन मोजले. ऑक्साइडापासून मुक्त झालेल्या सूक्ष्म लोहकणांच्या पृष्ठभागावर, फिरकीने ध्रुवित अशा अवस्थेत, इलेक्ट्रॉन साठतात आणि त्यामुळे चुंबकन विशिष्ट प्रकारे बदलते, असे त्यांना आढळले. अधिक संचयाचा मोठा भाग यातून स्पष्ट झाला.

येथे चुंबकन हे प्रमाण म्हणून आले आहे. त्यावाचून निष्कर्षच निघाला नसता. तेच मापन, तेच द्रव्य, बहुधा तशीच उपकरणे. परंतु प्रश्न आधी होता आणि मापन त्याच्या उत्तरासाठी केले गेले. एखाद्या गुणधर्माचे मापन केव्हा सार्थ होते, याचा निकष या उदाहरणातून मिळतो : ते मापन वगळले असता युक्तिवाद कोलमडतो किंवा नाही, हे पाहावे. बहुसंख्य निबंधांतील चुंबकनाचा वक्र काढून टाकला, तर काहीही कोलमडत नाही.

७

या चिकित्सेचा महाराष्ट्रातील विद्यापीठांशी निकटचा संबंध आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात धातूंच्या ऑक्साइडांची पातळ पटले साध्या रासायनिक पद्धतींनी तयार करून अतिधारित्रांसाठी त्यांचा अभ्यास करण्याची परंपरा रुजलेली आहे. इतरत्रही अनेक विद्यार्थी हाच मार्ग धरतात. ही निवड समंजस आहे. पटल वाहक पत्र्यावरच वाढत असल्याने तैलाम्लाचे आवरण व बंधक द्रव्य या दोहोंची गरज उरत नाही, आणि खर्चही आवाक्यात राहतो. तिच्यातील धोका वजनाचा आहे. पटल जितके पातळ तितका तोलनातील दोष प्रतिग्रॅम आकड्यात फुगून दिसतो. म्हणून अशा प्रबंधात प्रति चौरस सेंटिमीटर वजन, तोलनाची पद्धत आणि पटलाविना नुसत्या पत्र्याचे मापन ही तिन्ही दिलीच पाहिजेत.

या प्रश्नात पणास लागलेले आहे ते विद्यार्थ्याच्या आयुष्यातील चार-पाच वर्षांचे मोल. कण तयार करण्याचे कौशल्य तो मेहनतीने संपादन करतो. पण त्या कणाचा कोणता गुण विद्युत्भार साठवितो, हा प्रश्न कोणी विचारला नाही, तर त्याच्या हाती एक आकडा उरतो आणि वर्षभरात त्याहून मोठा आकडा कोठेतरी प्रसिद्ध होतो. उलट फेरस लोहाचे प्रमाण मोजून, नाव निश्चित करून, आवर्तनांनंतरचा कण तपासून आणि संचय कूलंबांत सांगून लिहिलेला प्रबंध आकड्याने लहान असला तरी कालांतराने दुसऱ्यास उपयोगी पडतो. लोहाच्या संचायकास पुन्हा दिवस यावयाचे असतील, तर ते अशाच कामाच्या पायावर येतील. परीक्षकांनीही प्रबंधाच्या शीर्षकातील प्रत्येक विशेषणास आतील पृष्ठांत आधार मागावा. ‘चुंबकीय’ या शब्दापासून आरंभ करण्यास हरकत नाही.